चर्चमध्ये लावलेला कौल

आमच्या खात्यात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली आणि त्याच आठवड्यात धैर्यवान साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून फुलांच्या प्रदर्शनाचा पास दिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं कोणी म्हणेल. पण तो कोणी सरकारी नोकरीत नसणार.

"मिसेस भाग घेताहेत," साहेब म्हणाले. "शनिवारी, परळच्या चर्चमध्ये. छपराच्या दुरुस्तीसाठी मदत म्हणून आहे. तुम्हाला फुलांची आवड आहे ना, परब?"

"लहानपणापासून, साहेब," मी म्हणालो. माझं लहानपण काळाचौकीत गेलं. तिथे फूल म्हटलं की दसऱ्याचा झेंडू आणि मयतावरचा गुलाल मिसळलेला झेंडू, एवढे दोनच प्रकार मला ठाऊक होते. पण हेडक्लार्कची जागा समोर दिसू लागली की माणसाला कशाचीही आवड उत्पन्न होते.

पासावर 'श्री. व सौ. परब' असं छापील अक्षरांत होतं. सौ. परब, म्हणजे कमल, बाळंतपणासाठी देवगडला गेलेली. तेव्हा मी एकट्याने जायचं, साहेबांच्या मिसेसची फुलं पाहून दोनदा 'वा' म्हणायचं आणि परत यायचं, इतका साधा बेत होता. तो मी चाळीच्या गॅलरीत बोलून दाखवला, ही पहिली चूक.

आमच्या चाळीत कुणाला काही विचारायला जावं लागत नाही. सल्ला आपल्या पायाने चालत येतो. शेजारचे नाना म्हणाले, "चर्चमध्ये कोट लागतोच. नुसत्या शर्टावर गेलास तर वॉचमन समजून दारात उभा करतील." आणि त्यांनी स्वतःचा कोट आणून माझ्या अंगावर चढवला. नाना समितीचे कार्यकर्ते. हाच कोट घालून ते सत्याग्रहाला गेले होते आणि पंधरा दिवस तुरुंगात राहून आले होते. त्यामुळे कोटाला चाळीत नानांपेक्षा जास्त मान होता. त्याच्या कॉलरवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असा बिल्ला होता, आणि बिल्ल्याची टाचणी गंजून कापडात बसली होती. ओढली तर कापड फाटणार. मी सरकारी नोकर! हा बिल्ला लावून मी धैर्यवान साहेबांसमोर गेलो असतो तर संयुक्त महाराष्ट्र झाला असता की नाही कोण जाणे, पण माझा राजीनामा नक्की झाला असता. शेवटी बिल्ला झाकेल अशी कॉलरची घडी आतल्या बाजूला दुमडून समोरच्या खोलीतल्या गंगुबाईंनी वर एक टाका घातला.

बूट तळमजल्यावरच्या बाबुरावांचे. ते त्यांनी लग्नात घेतले होते आणि लग्नानंतर बाहेर काढले नव्हते. मला एक नंबर लहान होत होते. "बोटं आखडून चाल," बाबुराव म्हणाले, "मग बसतात." बुटांचे तळ मात्र काचेसारखे गुळगुळीत होते, आणि त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मग बूट दारात काढायचे की नाही यावर तासभर वाद झाला. नाना म्हणाले काढायचे नाहीत, गंगुबाई म्हणाल्या देवाचं घर ते देवाचं घर. तो वाद मिटतोय तोवर आते हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "कमल नाय तर मी येतंय."

आते म्हणजे माझी आत्या, बकुळा. काळाचौकीत तिची खानावळ होती. गिरणीतले बावीस कोकणी गडी दोन वेळा जेवायचे, आणि त्यांच्या पानांमध्ये कोपऱ्यात बसून मी अभ्यास करायचो. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. पुढचं सगळं, मॅट्रिकच्या फीपासून कमलच्या मंगळसूत्रापर्यंत, आतेने केलं. याहून जास्त सांगत नाही. कारण पुढे जे सांगायचं आहे ते सांगताना मला तुमच्याकडे बघता आलं पाहिजे.

"आते, तिथे सगळे इंग्रजी बोलतात," मी म्हणालो.

"मगे? मी दरवर्साक वांद्र्याच्या मोत मावलेक मेणबत्ती लावूक जातंय. ती माझ्यावांगडा मालवणीच बोलता," आते म्हणाली. "आणि तुझ्या नोकरेचा काम आसा. मावलेच्या दारात तू एकटोच जातलंस?"

शनिवारी चार वाजता आते हिरवं नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीची भरगच्च वेणी माळून आणि फडक्यात नारळ बांधून तयार होती. देवाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नसतं. आम्ही चालत निघालो. ती पुढे, आणि बोटं आखडून मी मागे.

चर्चच्या फाटकात टेबल होतं. टेबलावर रजिस्टर, रबरी शिक्का आणि चष्म्याच्या बाई. सरकारी टेबलासमोर मी कधी घाबरत नाही, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा माणूस. पण त्या दिवशी मी अलीकडच्या बाजूला होतो.

बाईंनी पास उलटसुलट पाहिला, मग आतेकडे पाहिलं. "या सौभाग्यवती परब?"

इथे 'ही माझी आत्या' म्हणायला किती वेळ लागतो? पण पासाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की पास दुसऱ्या कुणालाही देता येणार नाही. आणि आमच्या मागे रेशमी साड्यांची रांग खोळंबली होती. त्या साड्यांना अत्तराचा वास होता, आमच्या फडक्याला नारळाच्या शेंडीचा. मी म्हणालो, "नाही, नाही. शेजारच्या आहेत. वाटेत भेटल्या."

त्याच वेळी आतेचं दुसऱ्या बाईंशी नारळावरून वाजलं होतं, म्हणून तिला ऐकू गेलं नसावं असं मी धरून चाललो. भानगड अशी की स्पर्धकांखेरीज कुणालाही बाहेरची वनस्पती आत नेता येत नव्हती. आता नारळ ही वनस्पती की फळ? नियमावली काढली. त्यात फुलं, पानं, फांद्या, शेवाळ होतं, पण नारळ नव्हता. तिसऱ्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, नारळाला शेंडी आहे, तेव्हा काळजी घेतलेली बरी. शेवटी नारळ फाटकात जमा करून आतेला पितळी बिल्ला दिला, नंबर सतरा. वेणी डोक्यात असल्यामुळे सुटली. आणि माझ्या पासावर 'एक व्यक्ती, एक शेजारी' असा शेरा मारून बाईंनी आम्हाला आत सोडलं. त्या शेऱ्याखाली मी सही केली.

आत गेल्यावर मात्र मी क्षणभर सगळं विसरलो. एवढी फुलं, आणि सगळी गप्प. आमच्या फुलबाजारात फुलांचा नुसता आरडाओरडा असतो. इथे प्रत्येक फुलाला स्वतंत्र टेबल, पांढरा कपडा आणि नावाची चिठ्ठी. आते भिंतीवरचं एक मोठं चित्र बघत उभी राहिली. चित्रात एक टकल्या म्हातारा ओंजळीत तोंड घालून रडत होता आणि मागे भिंतीवर कोंबडा.

"ह्या देवाक कोंबो लागता?" आतेने विचारलं.

"हळू बोल, आते."

"पण तो म्हातारो रडता कित्याक?"

"कोंबडा महाग झाला असेल," मी म्हणालो. मला वाटलं मी विनोद केला.

तेवढ्यात समोरून तात्या दिघे आले. तात्या आमच्याच खात्यातले, हेडक्लार्कच्या जागेवर माझ्याइतकाच डोळा ठेवून असलेले. बरोबर त्यांची बायको, गळ्यात मोत्यांची माळ. तात्यांनी आतेला अंबाड्यापासून जोडव्यांपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाले, "वा परब! या कोण?"

"आमच्याकडे... स्वयंपाकाला असतात," मी म्हणालो.

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पंचवीस वर्षं ती आमच्याकडे स्वयंपाकालाच होती. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

साहेबांच्या मिसेसची रचना अगदी पुढे, मेरीच्या पुतळ्याच्या पायाशी होती. पांढरं पसरट तबक, त्यात एक सरळ उभी वाळकी काटकी, काटकीच्या उजव्या बाजूला एक गुलाबी डेलिया आणि डाव्या बाजूला एक. बाकी काही नाही. भोवती जमलेल्या बायका म्हणत होत्या, जपानी पद्धत आहे, त्यातली रिकामी जागाच बघायची असते. रिकाम्या जागेकडे माझं लक्ष आधीपासूनच होतं. मी 'वा' म्हणायला तोंड उघडलं, आणि आते माझ्या कानाशी म्हणाली, "लवू, हय कौल लावलेलो हा!"

हे जरा सांगायला हवं. आमच्या कोकणात अडलेल्या कामाचं देवाला विचारतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलं लावायची, मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवं फूल पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. आणि इथे मावलीच्या पायाशी उजवीकडे एक फूल, डावीकडे एक. आमच्या गावचं कुठलंही माणूस हेच समजलं असतं. खरं सांगायचं तर क्षणभर मीही तेच समजलो.

आते पदर सावरून, हात जोडून तबकासमोर उभी राहिली. धैर्यवान साहेब आणि मिसेस बाजूलाच होते. मिसेसचा चेहरा पडला. साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "परब, ही बाई तुमच्याबरोबर आली आहे का? नाही, मिसेसना भीती वाटते, हात लावतील म्हणून. दहा मिनिटांत परीक्षक येतील."

तात्या दिघे चार हातांवर उभे होते. माझ्या पायांची बोटं बुटात रडत होती. मी म्हणालो, "नाही साहेब. मी ओळखत नाही यांना."

चर्चचं छत फार उंच असतं. बोललेला शब्द वर जातो, फिरतो आणि पुन्हा खाली येतो.

तो खाली आला न आला, तोच आतेने गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं पुटपुटायचं नसतं. देव दूर असतो, आवाज पोचला पाहिजे.

"बा मावले म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू, लवू कृष्णा परब, रवणार काळेचौकी, खोली नंबर एकोणतीस, तुझ्या दारात उभो ऱ्हवलो हा म्हाराजा!"

आणि ती थांबली. प्रत्येक वाक्यानंतर बरोबरच्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ते कुणी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं पुढे जात नाही. बरोबरचा माणूस मी एकटा. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या टोपलीतली शेवंती मोजू लागलो. अख्खं चर्च आमच्याकडे बघत होतं, आणि साहेबांनी माझं पूर्ण नाव आणि खोली नंबर ऐकला होता. एवढ्यावरही मी शेवंतीच मोजत होतो.

"व्हय म्हाराजा!" मागून खणखणीत आवाज आला.

मेणबत्त्यांचं खोकं काखेत घेतलेला एक काळासावळा म्हातारा पुढे येत होता. चर्चची घंटा आणि दिवाबत्ती तोच बघायचा. त्याचं नाव पास्कू, आणि गाव वेंगुर्ला, हे मागाहून कळलं. त्याने खोकं खाली ठेवलं आणि आतेच्या मागे माझ्या जागी उभा राहिला.

"ह्येका हेडक्लार्काची जागा होई, ती तेका गावांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचो सायब धैर्यवान मनान बरो, पण कानाचो हलको आसा, तेका सुबुद्धी दी म्हाराजा!"

हे वाक्य माझं होतं. मीच घरी जेवताना म्हणायचो. "व्हय म्हाराजा!" पास्कू म्हणाला, आणि या खेपेला दोन गोऱ्या मडमांनीही मान लववून काहीतरी म्हटलं. त्यांना वाटलं प्रार्थना चालू आहे. तशी ती होतीच.

"तेची बायल पोटुशी आसा, तिका सुखरूप मोकळी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग आतेचा आवाज जरा खाली आला. "आणि ह्यो माका वळखणत नाय म्हणालो, ता भियान म्हणालो. मनान वायट नाय. काय चुकला माकला तर तू मनार घेव नको, लेकराक सांभाळून घे म्हाराजा!"

या वेळी पास्कू लगेच बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी पाहिलं, तात्यांनी पाहिलं. माझ्या तोंडून 'व्ह' सुद्धा फुटला नाही. शेवटी तो म्हाताराच हलकेच म्हणाला, "व्हय म्हाराजा." मला त्याच क्षणी छपराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या पेटीत शिरून बसावंसं वाटलं.

आता आते कौलाची वाट पाहू लागली. दोन मिनिटं गेली, चार गेली. डेलिया तारेने बांधलेली होती, ती कशाला पडते? पण कौलाला कधी कधी तास लागतो हे आतेला ठाऊक होतं, आणि ती हलायला तयार नव्हती. दारात परीक्षक दिसले. साहेब म्हणाले, "परब, आता तरी त्यांना बाजूला घ्या."

मी पुढे पाऊल टाकलं. त्या फरशीला मेण लावलेलं होतं आणि बाबुरावांच्या बुटांचे तळ काचेचेच म्हणा. उजवा पाय मेरीकडे गेला, डावा तात्या दिघ्यांकडे, आणि मी टेबलावरचा पांढरा कपडा धरून खाली बसलो. कपड्याबरोबर तबक आलं, तबकाबरोबर पाणी, आणि शेवटी काटकी. दोन्ही डेलिया माझ्या मांडीवर पडल्या, एकदम.

मिसेस धैर्यवान तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. माझ्या कोटाचा टाका तुटला होता. कॉलर उलटली होती आणि त्यावर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लखलखीत वाचता येत होतं. धैर्यवान साहेब माझ्यावर वाकले. मी डोळे मिटले. साहेबांनी दोन बोटांनी माझी कॉलर पुन्हा आत दुमडली, वर थापटली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "कोट सांभाळा, परब." ज्यांना मी कानाचे हलके म्हणत आलो ते हे साहेब.

तोवर आते माझ्याशेजारी फरशीवर बसली होती. "लागला काय रे, बाबू?" म्हणत तिने पदराने माझं डोकं पुसायला घेतलं. तिथल्या सगळ्या रेशमी साड्यांसमोर ती माझे कान पुसत होती, मी पहिलीत असताना पुसायची तसे. मग तिला मांडीवरची फुलं दिसली. "दोनय एकदम! देव गोंधाळलो," ती म्हणाली, आणि उठून मिसेसकडे गेली. "गे बाय, रडा नको. फुलां काय, परत लावूया."

तिने पदराची गाठ सोडून सतरा नंबरचा बिल्ला पास्कूच्या हातात दिला. तो धावत जाऊन नारळ घेऊन आला. आतेने नारळ त्या पांढऱ्या तबकात मधोमध बसवला, शेंडी वर. अंबाड्यातली अबोलीची वेणी उतरवून भोवती गोल फिरवली आणि दोन्ही डेलिया पायाशी ठेवल्या. मिसेसनी डोळे पुसले, वाळकी काटकी उचलली, थोडा विचार केला आणि नारळाच्या मागे तिरकी टेकवली. परीक्षक तिथे बराच वेळ उभे राहिले. तिसरा नंबर मिळाला. मिसेसनी आतेचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी शेजारची," आते म्हणाली.

परत निघताना तिने पास्कूला त्या चित्राचं विचारलंच. तो म्हणाला, "तो सां पेद्रू, सेंट पीटर म्हणतत तो. देवाचो खास माणूस. शिपायांनी देवाक धरल्यानी, तेवा ह्येका लोकांनी इचारल्यानी, तू तेच्यावांगडाचो मां? ह्यो म्हणालो, मी तेका वळखणत नाय. तीनदा इचारल्यानी, तीनदा नाय म्हणालो. मगे कोंबो आरवलो, आणि ह्यो रडाक लागलो."

"मगे देवान तेका काय केल्यान?"

"काय करतलो? सरगाची चावी तेच्याच हातात दिल्यान."

"बरां केल्यान," आते म्हणाली. मी बूट काढून हातात घेतले आणि तिच्या मागून चालू लागलो.

जागेचं म्हणाल तर ती अजून रिकामीच आहे. दोन भाषांचं हे राज्य राहणार की मोडणार ते ठरेपर्यंत नव्या नेमणुका करू नयेत, असा हुकूम सोमवारी आला. तात्या दिघे आणि मी दोघेही कौलाची वाट बघतो आहोत. साहेबांनी त्या दिवसाचा विषय कधीच काढला नाही, आणि रोज सकाळी मला वाटतं, आज काढला तर बरं.

पण मला त्या संध्याकाळचंच सांगायचं आहे. आम्ही परतलो तेव्हा गॅलरीत नाना, बाबुराव, गंगुबाई, सगळे जमले होते. आते मधे बसली आणि रंगवून सांगू लागली. नारळाला नंबर कसा मिळाला, साहेबाची बायको कशी सोन्यासारखी, वेंगुर्ल्याचा माणूस कसा भेटला. मी घसरून पडलो ते सांगितलं, पण बुटांवर ढकललं. गाऱ्हाण्याला 'व्हय' कुणी म्हटलं, हे गंगुबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळ्यांनी." मग ती चित्राकडे आली. म्हातारा, भिंत, कोंबडा.

"तेका लोकांनी इचारल्यानी," आते म्हणाली, "आणि तो बापडो भियालो. एकदा नाय म्हणालो. माणूस आसा, एकदा चुकता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराशी उभा होतो, बाबुरावांचे बूट हातात घेऊन.

"तीनदा, आते," मी म्हणालो.

नाना आणि बाबुराव माझ्याकडे बघायला लागले. मला कथेतलं काय कळतं, असा त्यांचा चेहरा होता. आते माझ्याकडे वळली नाही. तिने पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, घडी केली आणि तोंडात टाकण्याआधी हळूच म्हणाली,

"व्हय म्हाराजा."